वैशूबद्दल मी दिलेली साक्ष

तिचं नाव वैशाली नव्हतं. ती राहायची ते भांडुप नव्हतं, आणि तिच्या वडिलांच्या ज्या एका गोष्टीमुळे पुढचं सगळं घडलं, तीही मी इथे बदलली आहे. माझं वागणं मात्र मी बदललेलं नाही. ते जसं होतं तसंच लिहायचं, म्हणून हे प्रकरण इतकी वर्षं पुढे ढकलत आले.

तेव्हा आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहत होतो. एक खोली, तिच्यावर लाकडी फळ्यांचा पोटमाळा, आणि वर जायला लोखंडी शिडी. तिच्या तिसऱ्या पायरीवर पाय पडला की ती किंचाळायची. पप्पा शाळेच्या बसवर ड्रायव्हर होते. पहाटे दाढी करताना ते गीत म्हणायचे, आणि साबण तोंडात गेला की तेवढी ओळ गाळून पुढची घ्यायचे. विमानं आमच्या डोक्यावरून इतकी खालून उतरायची की जेवणाआधीची प्रार्थना मध्येच थांबवावी लागे. पप्पा डोळे मिटून, हात जोडून विमान जाईपर्यंत वाट बघत आणि मग थांबले होते तिथूनच पुढे सुरू करत. आई एका प्रसूतिगृहात आया होती. ती घरी आली की अंगाला फिनेल आणि तान्ह्या बाळांच्या तेलाचा वास यायचा. अजूनही कुठे हे दोन वास एकत्र आले तर मी मागे वळून बघते.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. पप्पांनी माझं ओळखपत्र बसमधल्या मावशींना, वॉचमनला, चर्चच्या पाळकसाहेबांना, सगळ्यांना दाखवून झालं होतं. कॉलेजात मात्र मी तोंड उघडत नव्हते. सर प्रश्न विचारायचे, उत्तर माझ्याकडे असायचं, आणि ते मनात दोनदा जुळवेपर्यंत दुसरंच कुणीतरी बोलून मोकळं व्हायचं. मंडळीत, म्हणजे चर्चच्या आमच्या लोकांत, उलट होतं. तिथे मी ‘आमची कॉलेजवाली’ होते. रविवारी शास्त्रपाठ वाचायला मला उभं करायचे, अहवाल माझ्याकडून लिहून घ्यायचे. एका ठिकाणी मुकी आणि दुसरीकडे पंडित, या दोन्हींत खरी मी कोणती, हे मला कळत नव्हतं आणि त्याने मी सतत चुळबुळत असायचे.

अशात एके दुपारी आई तिला घेऊन आली. तेवीस-चोवीस वर्षांची, सावळी, खांद्यावरची पर्स दोन्ही हातांनी पोटावर दाबून धरलेली.

“ही वैशाली. काही महिने आपल्याकडे राहील,” आई म्हणाली. “एस्तू, चहा टाक. साखर जास्त घाल.”

बाकीचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. वैशू अंधेरीला एका कारखान्यात पॅकिंगला होती. ज्याच्यामुळे तिला दिवस गेले तो फोन नंबर बदलून मोकळा झाला होता. ती आईच्या प्रसूतिगृहात पोट रिकामं करून घ्यायला आली होती. तारीख, कागद सगळं ठरलं होतं. बाहेरच्या बाकावर ती सकाळपासून बसली होती आणि नाव पुकारलं तरी उठली नव्हती. आईने तिला चहा आणून दिला आणि विचारलं, “काही खाल्लंस का?” एवढंच. वैशूने चहा संपवला आणि म्हणाली, मला हे नाही करायचं, पण मी घरी पण नाही जाऊ शकत. घरी तिने सांगितलं होतं की कारखान्याने नाशिकला पाठवलंय.

ती पोटमाळ्यावर माझ्या शेजारी झोपू लागली. पहिले दोन दिवस गप्प होती, तिसऱ्या दिवशी तिने आमचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आम्ही नगरकडचे, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट, रविवारी मटण. वैशूने आमचे डबे उघडून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“काय गो, नारळ तुमच्याकडे औषधाला पण नाय?”

तिने बांगड्याचं तिखलं केलं. पप्पांनी कधी मासा हौसेने खाल्ला नव्हता, काट्यांना घाबरायचे. त्या दिवशी न बोलता चार भाकऱ्या खाल्ल्या आणि हात धुताना म्हणाले, “येशूने पण पाच हजारांना मासेच वाढले होते. मटण नव्हतं वाढलं.” आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

वैशूच्या पर्समध्ये गणपतीचा एक लहानसा फोटो होता. तो तिने पोटमाळ्यावर उशाशी भिंतीला टेकवून ठेवला. मी अस्वस्थ झाले. आमच्या घरात, खालच्या भिंतीवरच्या क्रूसाच्या बरोबर वर! मी आईला हळूच सांगितलं. आई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. “तिचा देव तिच्या उशाशी आहे. तुझा कुठे आहे ते बघ.”

एका सकाळी वैशूने माझा हात धरून पोटावर ठेवला. “थांब हां. आता मारेल.” आणि आतून काहीतरी ठोसल्यासारखं झालं, अगदी हलकं, पण स्वतःच्या मर्जीने केलेलं. पोटातला जीव देवाचा असतो हे मी रविवारच्या शाळेपासून ऐकत आले होते, मंडळीतल्या वादविवादात म्हणतही आले होते. त्या सकाळपर्यंत ते वाक्य होतं. त्यानंतर ते कुणीतरी होतं. मी आजही तेच मानते आणि त्याबद्दल मला संकोच नाही. पुढे जे घडलं त्यात माझी श्रद्धा चुकली नव्हती, मी चुकले होते. हे दोन वेगळे आहेत हे समजायला मला फार वेळ लागला.

बाळाचं काय करायचं तेही वैशूने ठरवलं होतं. तिला ते दत्तक द्यायचं होतं. आई एका संस्थेत जाऊन सगळं विचारून आली: बाळ असं परस्पर कुणाला देता येत नाही, बालकल्याण समितीपुढे जावं लागतं, आणि बाळ दिल्याच्या कागदावर सही केल्यावरही आईला विचार बदलायला दोन महिने असतात. मंडळीतल्या एका मूल नसलेल्या जोडप्याला कुठूनतरी कुणकुण लागली. ती बाई आईला गाठून म्हणाली, “सिस्टर, आम्हालाच द्या ना. आपल्याच माणसांत राहील.” आई म्हणाली, “बाळ म्हणजे पेढ्यांचा बॉक्स आहे का, हातोहात द्यायला? संस्थेत नाव नोंदवा.” घरी येऊन तिने मला आणि पप्पांना समोर बसवलं. “ही गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. कुणालाच नाही. पास्टरना पण नाही.”

तिच्या त्या सांगण्यामागे काय होतं, ते मला माहीत असायला हवं होतं. आई स्वतः नगरच्या एका गावात देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर सापडलेली. गावोगाव शास्त्र सांगत फिरणाऱ्या एका बायबलबाईने तिला उचलून घरी नेलं आणि आपलं नाव दिलं. आईला मी लहानपणी विचारायचे, तुझी खरी आई कोण? ती म्हणायची, “कुणालाच माहीत नाही. बरंच झालं. तिला कुणी शिव्या दिल्या नाहीत.” हे मी शंभरदा ऐकलं होतं. ऐकलं होतं, एवढंच.

मग युवक सप्ताह आला. त्या वर्षीचा विषय होता, जीवन ही देवाची देणगी. आमच्या मंडळीत शेवटच्या दिवशी साक्ष द्यायची पद्धत होती. म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. कुणाच्या बापाची दारू सुटलेली असे, कुणी दुखण्यातून उठलेलं असे. लोक रडत, हालेलुया म्हणत. मला सांगण्यासारखं कधीच काही नव्हतं. माझे पप्पा पीत नव्हते, मला ताप आला तर गोळीने उतरायचा. मी आपली शास्त्रपाठ वाचून खाली बसायचे. पाळकांनी जेव्हा विचारलं, एस्तेर, या विषयावर तू बोलशील का, तेव्हा मी आठवडाभर स्वतःशी वाद घातला. नाव घ्यायचं नाही. एवढं पाळलं की झालं, असं मी ठरवलं. आईची त्या रविवारी ड्युटी होती. ते मला सोयीचं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

मी उभी राहिले आणि सुरुवातीला अगदी मोघम बोलले. एक बहीण आहे, संकटात होती, देवाने मार्ग काढला. पंखे फिरत होते, मागच्या बाकावर कुणीतरी घड्याळ बघत होतं. कॉलेजात होतं तसंच पुन्हा होणार असं मला वाटलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरचे एक वडीलधारे म्हणाले, “नीट सांग, बेटा. देवाने नक्की काय केलं?” आमच्याकडे मोघम साक्ष कमकुवत समजतात, जे झालं ते स्पष्ट सांगितलं नाही तर देवाचा गौरव होत नाही, असं मानतात. मी सांगत गेले. ती भांडुपची आहे. कोकणातल्या, देवधर्म पाळणाऱ्या घरातली आहे. तिचे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात, तरी देवाने तिला आमच्याच दारात पाठवलं. ती बाळाला मारायला निघाली होती आणि आम्ही त्या बाळाला वाचवलं.

हालेलुया झालं. बायका डोळे पुसत होत्या. मी खाली बसले तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी बोलू शकते. युवक संघाचा सेक्रेटरी मोबाईलवर सगळं घेत होता. दुपारपर्यंत ते मंडळीच्या ग्रुपवर होतं.

सोमवारी कॉलेजातून घरी आले तर दारातच मला माझा आवाज ऐकू आला. आई फोन घरी विसरून ड्युटीवर गेली होती. वैशू मेथी निवडत बसली होती, समोर परातीला टेकवून फोन ठेवलेला, आणि मी त्यात म्हणत होते, आम्ही त्या बाळाला वाचवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन पालथा ठेवला.

“तुझा आवाज छान येतो गो,” ती म्हणाली.

“वैशू, मी नाव नाही घेतलं.”

“नाय घेतलंस.” तिने निवडलेली मेथी एका बाजूला केली, काड्या कागदात गुंडाळल्या. “भांडुपला किती जण वाजवतात पखवाज? आमच्या गल्लीत एकच.” ती वर गेली, खाली आली, चपला घातल्या. “जरा खाली जाऊन येते.”

मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर ती थोडा वेळ समोरून गेली याचं मला बरंच वाटलं. अर्ध्या तासाने मी पोटमाळ्यावर चढले. उशाशी फोटो नव्हता, पर्सही नव्हती.

आई आली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती मारेल. काढलेल्या चपला तिने पुन्हा पायांत सरकवल्या आणि निघाली. पहिल्यांदा ती प्रसूतिगृहाच्या त्या बाकापाशी जाऊन आली. मग कारखान्यातल्या मैत्रिणीकडे. वैशूचा फोन बंद होता. सहावा महिना संपत आला होता, तिच्या अंगात रक्त कमी होतं, आणि आता लपायला जागा उरली नाही म्हणून ती कुठल्या गल्लीतल्या, पोट पाडून देणाऱ्या कुणा बाईकडे गेली तर, ही भीती आईने बोलून दाखवली नाही. मी तिच्या चेहऱ्यावर वाचली. दोन जीव, आणि दोघांना मी दाराबाहेर काढलं होतं. मी पाळकांना फोन केला. ते म्हणाले, “मी आधी विचारायला हवं होतं, एस्तेर.” त्यांनी ते रेकॉर्डिंग ग्रुपवरून लगेच काढायला लावलं. पण तोवर ते कुणाकुणाच्या बहिणींना, जावांना, शेजारणींना गेलं होतं.

मंगळवारी सकाळी दारात एक बाई उभी राहिली. दम लागलेला, पदर कमरेला खोचलेला, हातात फोन. मी ओळखलं, वैशूचे डोळे होते.

“एस्तेर कोण?”

“मी.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “एवढीशी पोर!” मग आईकडे वळून लेकीचा जाब विचारत ओरडली, “माझा चेडू खंय आसा? बाटवलात तिका? बाळं पळवूचो धंदो करतास काय तुम्ही?”

शेजारची दारं उघडली. आईने दार लावून घेतलं नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. “ती काल दुपारपासून इथे नाही. मी पण शोधतेय. रात्रीपासून डोळा लागला नाही माझा.”

बाई एकदम खाली बसली, उंबऱ्यातच. “म्हणजे तुमच्याकडे पण नाय?”

“नाही. आधी शोधू या. मग मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन.”

दोघी जमिनीवर बसून एकेक नाव काढू लागल्या. मैत्रिणी, ओळखी, जुने शेजार. मी शिडीला टेकून उभी होते. मला कुणी बस म्हणालं नाही. बऱ्याच वेळाने बाई थांबली. “चेंबूरला माझी बहीण आसा. आमचं बोलणं नाय सहा वर्षं. वैशू लहानपणी तिच्याकडेच पडून असायची.” तिने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. पलीकडून आवाज आला आणि ती रडू लागली. वैशू तिथे होती. नीट होती.

पुढे मंडळीत कुणी कुणी मला म्हणाले, बघ, तुझ्या साक्षीमुळेच आई-लेकी भेटल्या, तुटलेल्या बहिणी बोलायला लागल्या. देव असंच करतो. देव करत असेलही. पण त्याच्या हिशेबात मी माझी सुटका करून घेणं मला कधी जमलं नाही.

बुधवारी आई चेंबूरला निघाली तेव्हा मी मागे लागले. तिसऱ्या मजल्यावर जाळीचं दार होतं. वैशूच्या मावशीने आईला आत घेतलं. वैशू दारापाशी आली आणि तिने जाळी पुन्हा लावली. ती आत, मी जिन्यावर.

“माफी मागायला आले,” मी म्हणाले.

“माग.”

“माफ कर, वैशू. मी तुझं नाव...”

“नावाचं सोड.” ती हळू बोलत होती, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. “तू म्हणालीस, आम्ही वाचवलं. तुम्ही? आठ दिवस मी झोपले नव्हते, माहितीय? त्या बाकावर चार तास बसून मी ठरवलं. एकटीने. तुझ्या आईने चहा दिला, आणि तिने कधी म्हटलं नाय की मी केलं. अख्ख्या आयुष्यात एक गोष्ट मी स्वतः ठरवली गो, एस्तू. ती पण तू उचलून तुमच्या नावावर लावलीस.”

मी एक पायरी खाली उतरले. 

“जा आता,” ती म्हणाली. “रागाने नाय बोलत. पण जा.”

त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. आई दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, चेंबूरला जायची. कधी लोहाच्या गोळ्या, कधी डिंकाचे लाडू. परत आली की हातपाय धुऊन कामाला लागायची. मी विचारायचे, कशी आहे? आई म्हणायची, “बरी आहे,” आणि भाजी चिरायला घ्यायची. मी घरात येरझाऱ्या घालायचे. खोली इतकी लहान होती की चार पावलांत वळावं लागे. पप्पा म्हणायचे, बस गं बाई एका जागी, तुला बघून मलाच चक्कर येते. कॉलेजात प्रश्नांची उत्तरं आता मी मनात जुळवतही नव्हते.

एका दुपारी आई दोन दिवसांनी घरी आली. केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि अंगाला तो वास.

“झालं?” मी विचारलं.

“झालं. दोघं सुखरूप आहेत. रडतंय छान, खणखणीत.”

“मुलगा की मुलगी?”

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कॉलेजच्या पहिल्या दिवशी मला बसस्टॉपवर सोडताना पाहिलं होतं तसं. मग ती मोरीत गेली आणि नळ सोडला. मी दाराशी उभी राहिले. पुढचे प्रश्न माझ्या तोंडापर्यंत आले होते: वैशू सही करणार का, दोन महिने बाळ कुठे राहील, कोण नेईल त्याला. मी एकही विचारला नाही. टॉवेल तेवढा आत दिला.

आईला जाऊन आता काही वर्षं झाली. ते बाळ दुसऱ्या घरी गेलं की वैशूने विचार बदलला, हे आईने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. नाव नाही, चेहरा नाही, मुलगा की मुलगी ठाऊक नाही. देवाला ठाऊक आहे, तेवढ्यावर प्रार्थना होते, हे मी त्यातूनच शिकले.

आई घरी आली त्या आठवड्यातला रविवार मला आठवतो. उपासना संपली होती, लोक बाहेर हात मिळवत उभे होते. पाळक माझ्यापाशी आले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी आवाजही खाली घेतला होता. पण मागे चारपाच जणी बोलायच्या थांबल्या होत्या.

“एस्तेर, त्या मुलीचं काय झालं गं? बाळाचं? आम्ही सगळे प्रार्थनेत होतो.”

मी आईकडे पाहिलं. ती थोडी दूर, चपला शोधत वाकली होती.

“मला माहीत नाही, पास्टर,” मी म्हणाले.

ते खरं होतं. मला खोटं बोलावं लागू नये, एवढी सोय आईने करून ठेवली होती.